चौथिया राजाच्या शेजारून

मनोरच्या मस्तान नाक्यावर उभे राहिले की चार दिशांना चार वाटा जाताना दिसतात. एक पालघरकडे, समुद्राच्या अंगाने. दुसरी विक्रमगडावरून जव्हारचा घाट चढणारी. महामार्ग दक्षिणेला वसई-मुंबईकडे जातो आणि उत्तरेला दमण-सुरतेकडे. नाका नवा आहे, वाटा जुन्या आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी यातली प्रत्येक वाट एका वेगळ्या सत्तेच्या दारात जाऊन थांबत असे. वसई आणि दमण फिरंग्यांकडे, सुरत मोगलांकडे, मुंबई इंग्रजांकडे. घाट चढला की जव्हारचे मुकणे राजे, आणि त्यांच्या उत्तरेला रामनगरचे राणे. कल्याण-भिवंडीच्या बाजूने शिवाजी महाराजांच्या फौजा पुढे सरकत होत्या. मनोरला पोर्तुगीजांचा कोट होता. पाठीशी अशेरीचा गड होता. भरतीच्या पाण्यावर वैतरणेतून होड्या इथवर येत आणि जंगलातले सागवान जहाजबांधणीसाठी खाली जाई.

या मुलखाचा इतिहास आपण नेहमी मोठ्यांच्या नावाने शिकलो. पोर्तुगीज आले, मराठ्यांनी वसई घेतली, मग इंग्रजांनी सगळे घेतले. मधल्या जागेत जे होते त्यांचे काय झाले, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. हे पुस्तक त्याच प्रश्नाभोवती लिहिले आहे. दोन-तीन बलाढ्य सत्तांच्या कात्रीत सापडलेले छोटे राज्य काय करते? कोणाला नजराणा पाठवते, कोणाला नुसता निरोप पाठवते, कोणाचा वकील चार महिने दारात बसवून ठेवते? आणि या सगळ्यातून ते टिकले, तर नेमके कोण टिकते?

जव्हारच्या विक्रमशहापासून सुरुवात करतो, कारण त्याच्यावर आपल्या लिखाणात अन्याय झाला आहे असे माझे मत आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर गेले. त्या वाटेवर विक्रमशहाने त्यांची भेट घेऊन मस्तकी मानाचा तुरा खोवला, असे जव्हारकर सांगतात. शिरपामाळ हे नाव त्यावरून पडले, असेही सांगतात. पुढे १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या फौजेने जव्हार घेतले आणि विक्रमशहा मोगलांच्या आश्रयाला गेला. या दोन घटना शेजारी ठेवल्या की वाचणारा लगेच ‘फितूर’ म्हणून मोकळा होतो. पण जव्हारच्या डोंगरावरून पाहा. १६६४ मध्ये मराठी फौज वाटसरू म्हणून आली होती. सुरत मोगलांची होती आणि जव्हारला तिचे सुखदुःख नव्हते. १६७२ मध्ये तीच फौज राज्य घ्यायला आली. विक्रमशहाचे धोरण बदललेच नाही. राज्य राखायचे, हे त्याचे एकच धोरण होते. बदलले ते समोरच्याचे येणे. मोठ्या सत्तेच्या दप्तरात जे दगलबाजी म्हणून नोंदले जाते ते बहुतेक वेळा छोट्याच्या बाजूने सरळ रेषेत चाललेले असते. या पुस्तकातल्या बहुतेक प्रकरणांमागे हे एकच म्हणणे आहे.

रामनगरची गोष्ट याहून विलक्षण आहे, आणि तिच्याजवळ थोडे थांबायला हवे. पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये दमण घेतले. समुद्र त्यांचा झाला, किल्ला त्यांचा झाला, पण दमणच्या परगण्यातली गावे रामनगरच्या डोंगरपायथ्याशी होती. राण्याची माणसे रात्रीतून उतरली तर पीक, गुरे आणि रयत तिन्ही जात. प्रत्येक गावाला पहारा बसवणे पोर्तुगीजांना परवडणारे नव्हते. म्हणून गावांच्या वसुलातला हिस्सा रामनगरला द्यायचा आणि त्याने उपद्रव करायचा नाही, अशी रीत पडली. हीच चौथ. नाव चौथ असले तरी हिस्सा सगळीकडे बरोबर चौथाच असे असे नाही. पोर्तुगीज कागदांत या राजाचा उल्लेख ‘चौथिया’ असा येतो, म्हणजे चौथ घेणारा. ज्या सत्तेच्या परवान्याशिवाय अरबी समुद्रात गलबत हलत नव्हते, ती एका डोंगरी राज्याला दरसाल पैसे मोजत होती.

पुढचे वळण आणखी मोलाचे आहे. १६७२ मध्ये मराठ्यांनी रामनगर घेतले आणि शिवाजी महाराजांनी दमणच्या पोर्तुगीजांकडे मागणी केली की रामनगरचा हक्क आता आमचा, तेव्हा चौथ आम्हाला द्या. पोर्तुगीजांनी नाही म्हटले नाही आणि दिलीही नाही. बोलणी लांबवली. पितांबर शेणवी यांच्यासारखे वकील गोव्याला जात-येत राहिले. चौथ ही कल्पना मात्र मराठ्यांच्या राजकारणात कायमची रुजली. १७१९ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आल्या. एका दुबळ्या राज्याने सबळापासून स्वतःला वाचवण्यासाठी काढलेली युक्ती पुढे साम्राज्याचे हत्यार झाली. ज्यांची युक्ती, त्या रामनगरच्या राण्यांना पुढे धरमपूरला गादी हलवावी लागली.

हा विषय जगाला नवा नाही. दुबळ्या राजाने काय करावे यावर कौटिल्याने अर्थशास्त्राचे बारावे अधिकरणच दिले आहे. त्याचे नाव ‘आबलीयस’. त्याच्याआधीच्या आचार्यांपैकी भारद्वाजाचे मत असे की दुबळ्याने वेतासारखे वाकावे. विशालाक्षाचे मत की असेल नसेल ते बळ घेऊन लढावे. कौटिल्याला दोन्ही पटत नाही. तो आधी विचारतो की चालून येणारा आहे कोण. धर्मविजयी नमस्काराने संतुष्ट होतो, लोभविजयीला जमीन आणि द्रव्य लागते, असुरविजयी प्राणावरच उठतो, तेव्हा प्रत्येकाशी वागण्याची तऱ्हा निराळी. सातव्या अधिकरणात षाड्गुण्य येते. संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. दोन बलवानांच्या मध्ये सापडलेल्याने दोघांचाही आश्रय घेऊन प्रत्येकाला दुसऱ्याचा धाक घालावा, हा ‘कपालसंश्रय’ही तिथेच आहे. अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठासाठी र. प. कंगले या मराठी पंडिताने सिद्ध केली, तरी आपल्याकडे ते विजिगीषूचे, म्हणजे जिंकू पाहणाऱ्याचे शास्त्र म्हणूनच वाचले जाते. बारावे अधिकरण फार थोडे लोक उघडतात.

ग्रीकांकडे थ्युसिडिडीझने इ. स. पूर्व ४१६ मधली मेलोस बेटाची कथा लिहून ठेवली. अथेन्स आणि स्पार्टा यांच्या युद्धात मेलोसने तटस्थ राहायचे म्हटले. अथेन्सने पुरुष मारले, बायकामुले गुलाम म्हणून विकली. दुबळ्याच्या न्यायाच्या भाषेला बळापुढे किंमत नसते, याचे उदाहरण म्हणून ती कथा आजवर शिकवली जाते. मला मेलोसपेक्षा जव्हार जास्त शिकवते. मेलोस एका फेरीत संपले, जव्हार सहाशे वर्षे खेळत राहिले.

तिसरा ग्रंथ पुन्हा आपल्याकडचा, रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिलेल्या या ग्रंथात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, जे सांगितले आहे ते आजच्या कोणत्याही परराष्ट्र खात्याने टिपून ठेवावे असे आहे. हे सावकार इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचा राजा उभा आहे. त्यांना व्यापार करू द्यावा, पण किनाऱ्यावर पक्की जागा देऊ नये, हा त्याचा आशय. पंत हे लिहीत होते तेव्हा मराठी राज्य स्वतःच मोगल, सिद्दी आणि फिरंगी यांच्यामध्ये श्वास धरून होते. मध्ये सापडलेल्यालाच व्यापाराच्या मागचा दर्यावर्दी तोफखाना लवकर दिसतो.

विसाव्या शतकात पाश्चात्त्य विद्यापीठांत हा अभ्यास स्वतंत्र झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. ॲनेट बेकर फॉक्स यांनी १९५९ मध्ये युद्धकाळातल्या तुर्कस्तान, फिनलंड, नॉर्वे, स्वीडन, स्पेन या देशांच्या मुत्सद्देगिरीवर लिहिले. त्यापुढच्या दशकात डेव्हिड व्हायटल आणि रॉबर्ट रॉथस्टाइन यांची पुस्तके आली, तर १९८५ मध्ये पीटर कॅट्झेन्स्टाइन यांनी युरोपातल्या छोट्या देशांची अर्थकारणातली लवचीकता दाखवली. ढोबळमानाने या अभ्यासाची तीन घराणी सांगता येतील. पहिले म्हणते, छोट्यापुढे दोनच मार्ग, धोकादायक बलवानाविरुद्ध दुसऱ्याला जाऊन मिळणे, नाहीतर त्या धोकादायकालाच शरण जाणे. दुसरे संस्थांवर आणि कायद्यावर विश्वास ठेवते. छोट्यांनी नियम घडवावेत, मंच उभारावेत, कारण नियमाचा आधार बलवानापेक्षा दुबळ्याला जास्त लागतो. तिसरे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आग्नेय आशियाच्या अनुभवातून पुढे आले. त्याच्या मते छोटे देश बाजू घेतच नाहीत. एकाशी संरक्षणाचा करार, दुसऱ्याशी व्यापार, आणि दोघांनाही आशेवर ठेवणे. इंग्रजीत यासाठी पारिभाषिक शब्द घडवावा लागला. मराठीत तो कधीपासून आहे: दोन्ही डगरींवर हात ठेवणे. आपण तो वाक्प्रचार निंदेने वापरतो. पण डगर म्हणजे नदीची दरड. पुरात सापडलेला माणूस दोन्हीकडे हात टाकणार नाही तर काय करील? वैतरणेच्या काठी राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. या पुस्तकात तो शब्द निंदेशिवाय वापरला आहे.

तिन्ही घराण्यांत मला एक उणीव जाणवते. ‘छोटा’ आणि ‘मोठा’ या कायमच्या जाती आहेत असे ते धरून चालतात. आमच्या किनाऱ्याने हे खोटे ठरवले आहे. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादुरशहा हा लहान राजा नव्हता. पण पाठीवर हुमायून आणि समोर पोर्तुगीज आरमार असे झाल्यावर त्याने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली, पुढच्या वर्षी दीवला किल्ला बांधू दिला आणि १५३७ मध्ये त्याच दीवच्या पाण्यात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो बुडून मेला. मदतीची किंमत म्हणून दिलेली जागा परत घेता येत नाही, याचे आमच्या मुलखातले हे पहिले मोठे उदाहरण.

दुसरे उदाहरण मुंबईच्या इंग्रजांचे. ज्यांनी पुढे सारा देश घेतला ते १७३९ मध्ये या किनाऱ्यावरचे सर्वांत घाबरलेले लोक होते. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३७ पासून मनोर, अशेरी, साष्टी पोर्तुगीजांच्या हातची जात होती. १७३९ च्या जानेवारीत केळवे-माहीम आणि तारापूर पडले. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मग वसईला वेढा बसला. वसईच्या पोर्तुगीजांनी मुंबईकडे मदत मागितली. पोर्तुगीज गेले तर मराठे मुंबईच्या माहीम खाडीपर्यंत येणार, आणि पोर्तुगीजांना उघड मदत केली तर मराठे मुंबईवरच येणार. गव्हर्नर जॉन हॉर्न यांनी जे केले ते जव्हारच्या कोणत्याही राजाने केले असते. थोडा दारूगोळा गुपचूप दिला, फौज दिली नाही, आणि कर्ज दिले तेही चर्चची चांदी आणि पितळी तोफा गहाण ठेवून घेऊन. मे महिन्यात वसई पडली, तसा कॅप्टन इंचबर्ड तहासाठी चिमाजी आप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डन छत्रपती शाहूंचा दरबार पाहायला साताऱ्याला रवाना झाला. गॉर्डनला शाहूंच्या दरबारात पेशव्यांवर जळणारे कोण आहेत याची चाचपणी करायची होती. दुबळ्याची मुत्सद्देगिरी म्हणून हे पाठ्यपुस्तकात घालावे. फरक पुढे पडला. १७७४ च्या डिसेंबरात पोर्तुगीज साष्टी परत घेणार अशी आवई उठताच इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, आणि १८०२ च्या ३१ डिसेंबरला त्याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने त्यांची तैनाती फौज पत्करली. त्रेसष्ट वर्षांत पारडे पूर्ण फिरले. विजयी चिमाजी आप्पांच्या पुतण्याचा मुलगा त्याच गावी आश्रित म्हणून सही करून गेला.

या अभ्यासाची साधने आपल्याकडे विपुल आहेत, पण ती मोठ्यांच्या बाजूने साठलेली आहेत. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापायला घेतली, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, सरदेसायांनी पेशवे दफ्तराचे ४५ भाग काढले. राजवाड्यांनीच १९२४ मध्ये महिकावतीची बखर प्रसिद्ध केली आणि उत्तर कोकणाला स्वतःचा आवाज दिला. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरातून पोर्तुगीज-मराठे संबंधांचे कागद उजेडात आणले नसते, तर चौथिया राजा आपल्याला नावापुरताही कळला नसता. सुरेंद्रनाथ सेन यांनी चौथेचे मूळ रामनगरपर्यंत नेऊन दाखवले. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर जव्हारची दंतकथाही नोंदवते. पहिल्या मुकण्याने बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली आणि कातड्याच्या वाद्या काढून सारा मुलूख वेढला. हीच कथा कार्थेजच्या राणीबद्दलही सांगतात. दोन खंडांतल्या दोन छोट्या राज्यांनी आपल्या जन्माची एकच गोष्ट सांगावी, याचे मला अप्रूप वाटते. मोठ्याकडून थोडे मागायचे आणि शब्दाचा अर्थ ताणून पुष्कळ घ्यायचे.

शब्दाचा अर्थ ताणण्यावरून आमच्या शेजारचेच एक प्रकरण सांगायला हवे, कारण ते थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेले. मराठी आरमाराने १७७२ मध्ये ‘सांताना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. इंग्रजांशी युद्ध पेटले होते, पोर्तुगीज निदान विरोधात जाऊ नयेत अशी पुण्याची गरज होती. म्हणून १७ डिसेंबर १७७९ च्या तहात पेशव्यांनी भरपाई आणि दोस्ती म्हणून पोर्तुगीजांना वर्षाला १२,००० रुपयांच्या वसुलाची गावे देऊ केली. १७८३ मध्ये नगरहवेलीची ७२ गावे त्यापोटी लावून दिली. हा मुलूख एकेकाळी रामनगरच्या राण्यांचा. ज्याची जमीन गेली त्याला तहात विचारलेच नव्हते. पुढे पेशवाई बुडाली, इंग्रज आले आणि गेले. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा आणि नगरहवेली मुक्त केली. त्यांत सुधीर फडके होते, राजा वाकणकर होते. मग पोर्तुगालने भारताविरुद्ध हेगला दावा लावला की दमणहून तिथे जाण्याचा आमचा हक्क आहे. हेगचे न्यायाधीश पेशव्यांच्या तहाचा मराठी मजकूर तपासत बसले. पेशव्यांनी दिली ती जहागीर की राज्य? १९६० च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने सांगितले की मूळ देणगी वसुलाच्या सरंजामाची होती. पोर्तुगालचे सार्वभौमत्व पुढे इंग्रजांनी मान्य केल्याने आले. नागरी येण्याजाण्याचा हक्क होता, फौजेचा नव्हता, आणि भारताने कर्तव्याचा भंग केलेला नाही. एका मराठी कारकुनाने सरंजामी भाषेत लिहिलेले कलम १८१ वर्षांनी एका राष्ट्राच्या उपयोगी पडले.

बोईसरहून तारापूरला गेले की याच विषयाचा विसाव्या शतकातला धडा उभा दिसतो. १९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अणुभट्ट्या, अमेरिकेचेच कर्ज, आणि तीस वर्षे समृद्ध युरेनियमचा पुरवठा अमेरिकाच करणार. १९६९ मध्ये वीज सुरू झाली. मे १९७४ मध्ये पोखरणला चाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसार रोखणारा कायदा केला आणि इंधनाची प्रत्येक खेप वॉशिंग्टनमध्ये अडू लागली. १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांच्या भेटीत तोड निघाली. करार अमेरिकेचा राहील, इंधन फ्रान्स देईल. १९९३ मध्ये मुदत संपल्यावर आधी चीनकडून आणि मग रशियाकडून इंधन आले. ज्या चीनशी युद्ध झाले होते त्याच्या युरेनियमवर मुंबईची वीज चालली. भारताला छोटे राज्य म्हणणे बरोबर नाही, हे मला कळते. पण त्या भट्टीच्या पुरवठ्यापुरता तो दुबळा होता, आणि त्याने तेव्हा जे केले ते नेमके द्वैधीभावाचे होते. चार सत्तांशी चार तऱ्हेने बोलत भट्टी विझू दिली नाही. ज्या तटावर रेठरेकर पडले त्या किल्ल्याच्या गावाजवळ हे घडले, म्हणून या प्रकरणाला पुस्तकात हट्टाने जागा दिली आहे.

आमच्या किनाऱ्याच्या छोट्या राज्यांना एक गोष्ट कधीच साधली नाही, ती म्हणजे एकत्र येणे. जव्हार आणि रामनगर शेजारी होते, दोघांचे शत्रू तेच होते, दोघांवर १६७२ मध्ये एकाच सेनापतीची फौज आली. जंजिऱ्याचा सिद्दी १६७० नंतर मोगलांच्या छत्राखाली गेला. सावंतवाडीचे लखम सावंत विजापूर, शिवाजी महाराज आणि गोव्याचे फिरंगी यांच्यामध्ये फेऱ्या मारत राहिले. प्रत्येकाचे गणित मोठ्याशी उभे होते, एकमेकांशी आडवे नव्हते. १५७० मध्ये निजामशाही, आदिलशाही आणि कालिकतचा झामोरीन यांनी पोर्तुगीजांविरुद्ध एकजूट केली होती, पण ते राजे छोटे नव्हते. तरी चौलचा वेढा फसला आणि प्रत्येकाने पोर्तुगीजांशी वेगवेगळा तह केला. बांडुंगला १९५५ च्या एप्रिलमध्ये आशिया-आफ्रिकेतले नवे देश जमले, १९६७ मध्ये बँकॉकला पाच देशांनी ‘आसियान’ स्थापन केली, तेव्हा हीच आडवी वीण घालण्याचा प्रयत्न होता. आसियानला पुष्कळ नावे ठेवली जातात. तिचे देश एका टेबलाशी बसून आधी आपसात बोलतात आणि मग चीन-अमेरिकेला बोलावतात, एवढे जरी पाहिले तरी जव्हार-रामनगरपेक्षा ते किती पुढे गेले हे समजते. आपल्या दक्षिण आशियात १९८५ मध्ये ढाक्याला ‘सार्क’ झाली. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर तिची शिखर बैठक झालेली नाही. नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव यांना भारत आणि चीन यांच्यामध्ये आपापले गणित एकट्याने मांडावे लागते. त्यांच्या राजधान्यांत घडणाऱ्या प्रत्येक हालचालीला आपली वृत्तपत्रे ‘भारताकडे’ किंवा ‘चीनकडे’ अशी पाटी लावतात. विक्रमशहाला लावलेल्या पाटीहून ती वेगळी नाही. आज मोठ्याच्या जागी आपण बसलो आहोत, म्हणून मराठी वाचकाने हे नीट समजून घेण्याची गरज जास्त आहे.

आता सुरुवातीचा शेवटचा प्रश्न. टिकले ते कोण? वसईचे फिरंगी गेले, पेशवे गेले, पण जव्हार, जंजिरा आणि सावंतवाडी १९४८ पर्यंत राहिली. जव्हारच्या राजाला नऊ तोफांची सलामी होती. सयामने इंग्रज आणि फ्रेंचांमध्ये आपले स्वातंत्र्य राखले ते लाओस, कंबोडिया आणि मलायातले प्रांत सोडून. जव्हारनेही सुपीक मुलूख पेशव्यांना देत देत डोंगर राखला. गादी राहिली. पण चौथ भरायची तर ती गावातून निघायची, नजराणा द्यायचा तर तो वसुलातून. हा मुलूख वारली, कोकणा, ठाकूर, काथोड्यांचा. राज्य बदलले तरी त्यांची वेठ बदलली नाही, हे १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांबरोबर तलासरीच्या झरी गावी उभ्या राहिलेल्या वारल्यांनी जगाला सांगितले. मुत्सद्देगिरीवरच्या पुस्तकात वेठीचे प्रकरण कशाला, असे मला विचारले गेले. वाटाघाटीच्या टेबलावर जे मोजले जाते ते कुणाच्या तरी खळ्यावरून आलेले असते, म्हणून.

हा प्रश्न जुना झालेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ७६,००० कोटी रुपयांहून जास्त खर्चाचे हे बंदर भारत, मध्यपूर्व आणि युरोप यांना जोडू पाहणाऱ्या व्यापारमार्गाशी निगडित आहे, आणि तो मार्ग चीनच्या मार्गाला पर्याय म्हणून मांडला जातो. पुन्हा एकदा महासत्तांची स्पर्धा याच किनाऱ्याला येऊन टेकली आहे. डहाणूच्या मच्छीमारांचा बंदराला विरोध आहे. त्यांच्या बाजूने कोणता वकील कोणत्या दरबारात गेला, हे पन्नास वर्षांनी कोणी शोधील तेव्हा त्याला कागद सापडावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडे. कालक्रम पाळलेला नाही. एकेका युक्तीभोवती प्रकरण बांधले आहे: पैसे देणे, वेळ काढणे, तिसऱ्याला बोलावणे, जमीन सोडणे, शब्दाचा अर्थ वळवणे. त्यामुळे एकाच प्रकरणात विक्रमशहा आणि सिंगापूर शेजारी येतील. इतिहासकारांना हे रुचणार नाही. मी ते जाणून केले आहे, कारण काळाच्या रांगेत उभे केले की छोटी राज्ये पुन्हा मोठ्यांच्या गोष्टीतली दुय्यम पात्रे होतात. भाषेत वकील, खलिता, तहनामा, नजराणा, ओलीस हे दप्तरातले शब्द ठेवले आहेत. ते जुने वाटले तरी अजून नेमके आहेत. नकाशे मात्र मुद्दाम वेगळ्या रीतीने काढून घेतले. प्रत्येक नकाशाच्या मध्यभागी छोटे राज्य आहे आणि दिल्ली, पुणे, गोवा, लिस्बन कडेला आहेत.

ज्यांना नकाशापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले पटते त्यांनी पावसाळा सरल्यावर अशेरीवर जावे. पायथ्याचे खोडकोना गाव महामार्गापासून जवळ आहे. जंगलातून वर चढून गडाच्या दाराशी पोहोचले की पोर्तुगालच्या राजाचे चिन्ह कोरलेला दगड पडलेला दिसतो. मुकुट अजून ओळखू येतो. थोडे वर कातळात गुहा आहे आणि तिथे अशेरीदेवी आहे. तिच्यापुढे पायथ्याच्या पाड्यातली माणसे आजही नारळ फोडतात.

मनोर